एरंडेल : बाटलीतील औषध, बांधावरील विष

अहिल्यानगर जिल्ह्यात एरंड ओढ्याकाठी, उकिरड्याशेजारी आपोआप उगवतो. नेवासे, शेवगावकडील कपाशीच्या पट्ट्यात तर पाने खाणाऱ्या अळीला भुलविण्यासाठी तो सापळा पीक म्हणून शेताच्या कडेने लावावा, अशी शिफारस केली जाते. याच्याच बियांचे तेल म्हणजे आजीच्या फडताळातील एरंडेल.

या तेलात सुमारे ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते. लहान आतड्यात ते सुटे होते आणि आतड्याच्या स्नायूंना चालना देते. प्रौढांना एका वेळी १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे, बहुधा पुरतात व दोन ते सहा तासांत कोठा साफ होतो. (रात्री झोपताना गरम दुधातून ते घेणाऱ्यांची झोपमोड होते, ती यामुळेच.) आयुर्वेदात आमवातावर सुंठीच्या काढ्यातून एरंडेल सांगितले आहे, तेही वैद्याच्या देखरेखीखाली. रोज घेण्याचे मात्र हे औषध नव्हे. वारंवारच्या जुलाबांनी शरीरातील पाणी व क्षार घटतात.

खरा धोका आहे तो सरसकट वापराचा. पोटात दुखू लागले की 'एरंडेल द्या' हा घरगुती सल्ला अपेंडिक्सला सूज असल्यास किंवा आतड्याला अडथळा असल्यास जिवावर बेतू शकतो. गर्भवतींनी तर ते टाळावेच. हे आम्ल आतड्यात ज्या ग्राहीवर कार्य करते, तिच्यामार्फतच ते गर्भाशयाचेही आकुंचन घडविते, असे जर्मन संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. तान्ह्या बाळाला आठवड्यातून एकदा एरंडेल पाजण्याची रूढी अजूनही अनेक घरांत आहे. बळजबरीने पाजलेले तेल श्वासनलिकेत गेल्यास फुफ्फुसदाह होतो. सहा महिन्यांपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दिव्यासाठी किंवा यंत्रासाठी विकले जाणारे तेल पोटात घेऊ नये. औषधी बाटलीवर 'आय. पी.' ही अक्षरे पाहून घ्यावीत.

बियांतील रायसिन हे विष तेलात उतरत नाही, ते पेंडीत राहते. म्हणून ही पेंड खताला चालते, जनावरांना नाही. कुंपणाला लावला जाणारा मोगली एरंड हे झाड वेगळे. पण त्याच्याही बिया विषारी असून मुले त्या शेंगदाण्यासारख्या खातात. मुलाने यांपैकी कोणतीही बी चावून खाल्ल्यास उलटी होण्याची वाट पाहू नये. लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. उरलेल्या बिया सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.