हळदीचा उजेड आणि धातूचा कण



वाईपासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णाकाठी हळद पिकते आणि सांगलीच्या पेठेत तिचे सौदे होतात. २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले. तिच्या रंगाची ख्याती आपणांस सांगावयास नको. परंतु हळद उजेडही देते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

१८५२ साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स याने दाखवून दिले की, डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण पडले असता काही पदार्थ दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. क्विनीनचे द्रावण हे त्याचे मुख्य उदाहरण. पण त्याने तपासलेल्या पदार्थांत हळदीचा अर्कही होता. या गुणास आपण अनुस्फुरण म्हणतो. पाण्यात कालवलेल्या हळदीत तो अगदी मंद असतो, मद्यार्कात मात्र तीच हळद हिरवट पिवळी उजळते. हळद तीच, किरण तेच, मग हा फरक कशाने? किरण शोषून चेतलेला रेणू दोन वाटांनी शांत होतो, एक प्रकाशाची व दुसरी उष्णतेची. हळदीचा रेणू बहुधा दुसरी वाट धरतो, आणि पाण्यात तर अधिकच.

मग पहिली वाट वेगवान करता येईल काय? प्रकाश टाकण्याचा वेग हा रेणूचा उपजत स्वभाव, तो बदलावयाचा नाही, असेच दीर्घकाळ गृहीत धरले जाई. १९४६ साली अमेरिकेतील एडवर्ड पर्सेल याने काही ओळींच्या टिपणात या समजाला धक्का दिला : भोवतालची रचना बदलली की वेग बदलतो. पुढे जर्मनीत कार्ल ड्रेक्सहागे याने धातूच्या आरशापासून मोजक्या अंतरावर युरोपियमचे रेणू बसवून ते प्रत्यक्ष दाखविले. अंतर बदलले की उजेड विझण्याचा काळही बदले.

आरशाच्या जागी धातूचा सूक्ष्म कण आला, तेव्हा खरी गंमत झाली. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्याला माणकासारखा लाल रंग देतात, हे मायकेल फॅरडे याने १८५७ मध्येच मांडले होते. (आमच्या सुवर्णभस्माचा हवाला देऊन ‘हे सारे आम्हांस ठाऊकच होते’ म्हणणारे भेटतात. भस्म हे औषध होय. त्यातून प्रकाशाचा सिद्धांत कोणी काढला नव्हता.) अशा कणातील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकजुटीने झुलतात. त्यामुळे कण रेडिओच्या एरियलसारखा वागतो : येणारा प्रकाश रेणूवर एकवटतो आणि रेणूचा उजेड लवकर बाहेर नेतो. पण रेणू अगदी चिकटून बसला, तर धातू त्याचा उजेड गिळून टाकतो! २००६ साली ८० नॅनोमीटरचा सोन्याचा कण एकेका रेणूजवळ नेऊन हे तपासले गेले. सुमारे ५ नॅनोमीटर अंतरावर उजेड सर्वाधिक, त्याहून जवळ गेले की मावळता. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. २००९ मध्ये सोन्याच्या दोन त्रिकोणी तुकड्यांच्या फटीत एका मंद रेणूचा उजेड १,३४० पटींपर्यंत वाढला. मूळचा तेजस्वी रेणू इतका वाढूच शकत नाही. हा लाभ मंदांचाच आहे.

आपल्या पेठेचा संबंध येथे येतो. हळदीत मेटॅनिल यलोसारखा अपायकारक रंग मिसळला, तर नुसत्या नजरेला तो ओळखत नाही. प्रकाशाच्या साह्याने तो हुडकता येतो. मात्र भेसळ अल्प असली की खूणही क्षीण पडते. खडबडीत चांदीवर रेणूंची क्षीण खूण विलक्षण वाढते, हे १९७४ पासूनच्या प्रयोगांनी उघड केले आहे.