हिंवतापाची लस आणि आर्वीचा हिशेब

विदर्भांतील शेतकऱ्याला कापूस वेंचणीचे दिवस सोन्याचे. परंतु नेमक्या त्याच सुमारास, पावसाळा सरतां सरतां, हिंवतापाचाही हंगाम येतो. वर्धा जिल्ह्यांतील आर्वीसारख्या कापसाच्या पेठेच्या गांवीं या तापाचा खरा अर्थ कळतो. चार दिवसांची हुडहुडी म्हणजे बुडालेली मजुरी आणि शेतांत लोंबत राहिलेला कापूस. याच जिल्ह्यांतील शेगांव येथें, ज्याचें पुढें सेवाग्राम असें नामकरण झालें, १९३६ सालीं महात्मा गांधी राहावयास आले आणि त्याच वर्षीं हिंवतापानें आजारी पडले. जेथें महात्माजींची ही स्थिति, तेथें उघड्या झोंपडींत निजणाऱ्या मजुराची काय कथा!

स्वातंत्र्याच्या सुमारास देशांत दरसाल ७.५ कोटि लोकांना हिंवताप होई आणि ८ लाख लोक त्यास बळी पडत, असा अंदाज होता. १९५३ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. घरोघर भिंतींवर डी. डी. टी. फवारलें गेलें. १९६५ सालीं रुग्णांची संख्या अवघ्या १ लाखाच्या घरांत उतरली. रोग हटला, आतां खर्च कशाला, अशी वृत्ति बळावली. पहारा ढिला पडला. तिकडे डांस डी. डी. टी.स आणि रोगजंतु क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले. १९७६ सालीं रुग्णांचा आंकडा ६४ लाखांवर गेला. वाचविलेला पैसा अशा रीतीनें सव्याज फेडावा लागला.

हिंवतापाचा जंतु शरीरांत वारंवार रूप पालटतो, म्हणून त्यावरील लस शोधण्यास अनेक दशकें लागलीं. २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें पहिल्या लशीची शिफारस केली. घाना, केनिया व मलावी या आफ्रिकी देशांत तिचा प्रयोग झाला, तेथें लहान मुलांचे मृत्यु सुमारें १३ टक्क्यांनीं घटले. २०२३ सालीं दुसऱ्या लशीस मान्यता मिळाली. ही आर-२१ लस ऑक्सफर्ड विद्यापीठानें सिद्ध केली असून पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती तयार करते. एका मात्रेची किंमत २ ते ४ डॉलर सांगण्यांत आली. एका मुलास ४ मात्रा लागतात. हंगामापूर्वीं टोचल्यास पहिल्या वर्षीं आजाराचे प्रसंग सुमारें ७५ टक्क्यांनीं कमी होतात, असें प्रयोगांत आढळलें.

मग पुण्याची लस समुद्रापार जावी आणि आर्वीच्या बालकास मिळूं नये, हा अन्याय नव्हे काय? याचें उत्तर हिशेबांत आहे. समजा, एका गांवीं दरवर्षीं १०० मुलांपैकीं ४० मुलांना हिंवताप होतो. तेथें ४०० मात्रा दिल्या तर ३० आजार टळतील. म्हणजे तेरा-चौदा मात्रांस एक आजार. दुसऱ्या गांवीं १,००० मुलांत एकासच हा ताप येतो. तेथें ४,००० मात्रा टोचूनही एक आजार टळेलच अशी शाश्वति नाहीं. लस तीच, किंमत तीच. परंतु पहिल्या गांवीं ती स्वस्त आणि दुसऱ्या गांवीं महाग. शिवाय ही लस फाल्सिपेरम या घातक जातीच्या जंतूसाठीं आहे. भारतांत पुष्कळ आढळणाऱ्या व्हायव्हॅक्स जातीवर तिचा उपयोग नाहीं.

भारतांतील रुग्ण २०१५ सालीं सुमारें ११.७ लाख होते, ते २०२३ सालीं सुमारें २.२७ लाखांवर आले. यांत लशीचा वांटा नाहीं. तत्काळ रक्ततपासणी, योग्य औषधोपचार आणि कीटकनाशकाचा संस्कार केलेल्या मच्छरदाण्या यांचेंच हें मुख्यतः फळ. गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत रोगाचा जोर अद्यापि आहे. तेथील हिशेब निराळा ठरूं शकेल. आर्वीला मात्र लशीपेक्षां पहारा मोलाचा आहे. प्रत्येक तापकऱ्याचें रक्त तपासणें आणि सांचलेलें पाणी वाहतें करणें, हाच तो पहारा. रुग्ण दिसेनासे झाले म्हणून हा खर्चही तोडावा, असा मोह ज्या दिवशीं होईल, त्या दिवशीं १९७६ सालाचें स्मरण झालें पाहिजे. टळलेल्या रोगाची नोंद कोणत्याही जमाखर्चांत होत नाहीं. तो परतला म्हणजेच त्याची किंमत कळते.