साळोत्री

साळोत्री : घोड्यांच्या रोगांचे निदान व चिकित्सा करणारा वैद्य, अश्ववैद्य. अश्वशास्त्राचा आद्य प्रवर्तक म्हणून परंपरेने मानलेल्या शालिहोत्र ऋषीच्या नावावरून हा शब्द आला असून, इंग्रजी अमदानीतील फौजेत देशी पशुवैद्यासही याच नावाने ओळखीत. संस्कृतात जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ व नकुलाच्या नावावर मोडणारा ‘अश्वचिकित्सित’ हे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. शिवकालीन पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे, असे सभासदाच्या बखरीवरून दिसते. ज्या राज्याची मदार घोड्याच्या टापेवर, तेथे पाणी आणि नाल यांची तजवीज सरकारने स्वतःकडे ठेवावी, हे यथायोग्यच होय. यूरोपात क्लोद बूर्झला याने 1761 मध्ये लियाँ येथे पहिले पशुवैद्यक विद्यालय स्थापिले. तोही मूळचा अश्वारोहण शिकविणारा. मुंबईचे परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय 1886 चे.

साळोत्र्याची खरी कसोटी पोटशूळात लागते. घोड्याने चंदी सोडली, तो जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे पाहतो व वारंवार लोळण घेतो, असे सांगत मोतद्दार धावत आला की वैद्य प्रथम औषधाच्या पेटीला हात न लावता जनावराकडे पाहत उभा राहतो. मग जबड्याखालच्या धमनीवर बोटे ठेवून तो नाडी मोजतो. विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44 असणारे ठोके साठीच्या वर जाऊन तेथेच राहिले, तर प्रकरण गंभीर समजावे. हिरडी अंगठ्याने दाबून तिचा रंग किती वेळात परततो हे पाहिल्यावर तो कुशीला कान लावतो, आणि तेथे गुरगुर ऐकू येण्यापेक्षा काहीच ऐकू न येणे त्याला अधिक भयप्रद वाटते. घोड्यास ओकारी करता येत नाही. त्यामुळे जठरात तुंबलेला द्रव व वायू बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यास जठर फुटून मृत्यू ओढवतो, म्हणून नाकपुडीतून नळी जठरापर्यंत सरकवणे हा या वैद्याच्या हातचा पहिला उपाय ठरला आहे. आतड्यास पीळ पडला असेल, तर मात्र शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते, व तीही वेळेत झाली तरच उपयोगाची.

सुरा या ज्वराचे परजीवी ग्रिफिथ एव्हान्स यास 1880 मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात आढळले. चावऱ्या माश्यांवाटे पसरणाऱ्या या रोगाने घोडा दिवसेंदिवस खंगत जातो.

तथापि नित्याचे काम पायाचेच. दुलकी चालताना दुखरा पुढचा पाय जमिनीस टेकताच घोडा डोके वर उचलतो. ही एक खूण ओळखणारा डोळा कमावण्यास वर्षे लागतात. पुढे खुराला हात लावून ऊब व सांडशीने दाबून वेदना पाहतात, आणि पुष्कळदा दोष एका वाकड्या ठोकलेल्या खिळ्याचा निघतो. खूर महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्याने दर सहा आठवड्यांच्या सुमारास नाल काढून तो तासावा लागतो, व हे काम आजही नालबंदच करतो.