सातारा हिल हाफ मॅरेथॉन : मुंबईची 'फुल' पळायची असेल तर घाटात कसं पळावं?

सातारा : पोलीस भरतीचा सोळाशे मीटर घासून घासून पळालेली पोरं गावोगावी आहेत. भरतीचं वय निघून गेलं तरी पहाटे उठून पळायची सवय सुटत नाही. मग कुणीतरी सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरतं आणि मेडल गळ्यात पडलं की डोक्यात येतं, आता जानेवारीत मुंबईची फुल मारायची. विचार चांगला आहे. पण साताऱ्याची हाफ आणि मुंबईची फुल या दोन्हीत जीव तोडून पळालो तर बऱ्याचदा दोन्हीकडे हाती काही लागत नाही. फुल पळायची असेल तर साताऱ्याची हाफ ही शर्यत नाही, सराव आहे, हे आधी मनाशी पक्कं करावं.

साताऱ्यातली ही स्पर्धा 2012 पासून होते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात असते, म्हणजे मुंबईच्या आधी सुमारे साडेचार महिने. अंतर 21 किलोमीटर आणि वर थोडं. शहरातून निघून समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला थोडं पुढे जाऊन माघारी फिरायचं आणि त्याच घाटाने खाली यायचं. म्हणजे निम्मी शर्यत चढाची, निम्मी उताराची. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आणि कास पठार बाराशेच्या आसपास. स्पर्धा पठारापर्यंत जात नाही, तरी चढ किती असेल याचा अंदाज यावरून येतो. त्यात धुकं, भुरभुर पाऊस आणि ओला डांबरी रस्ता. नोंदणी कितीतरी महिने आधी होते आणि जागा लवकर भरतात, त्यामुळे ऐनवेळी ठरवून उपयोग नाही.

चढावर घड्याळ बघू नका

सपाटीला किलोमीटरला सहा मिनिटांनी पळणारा घाटातही सहाचाच हट्ट धरतो आणि दुसऱ्या तिसऱ्या वळणावरच धापा टाकायला लागतो. चढावर वेग पडणारच. तिथं श्वास बघायचा. शेजारच्याशी एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. दोनच शब्द निघत असतील तर वेग कमी करा. पावलं आखूड टाका, कमरेत वाकू नका, हात हलते ठेवा. फारच उभा तुकडा आला तर शंभर पावलं चाललात तरी लाज नाही. मुंबईतही परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षे भल्याभल्यांना घाम फोडत आलाय. पाय थकलेले असताना चढ कसा घ्यायचा, हे शिकायला यवतेश्वरपेक्षा चांगली शाळा आपल्या भागात नाही.

खरा धोका उताराला

बहुतेकांना वाटतं, वर पोचलो म्हणजे झालं. तिथंच फसगत होते. उताराला दम लागत नाही, पण प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. त्याने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती त्याच दिवशी कळत नाही, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी कळते. पहिल्या वर्षी मी घाट अक्षरशः सुसाट उतरलो. टायमिंग बघून लय खूश होतो. पण पुढचे दोन दिवस म्हशीची धार काढायला उकिडवं बसता येईना, आणि तीन आठवडे गुडघ्याने धड पळू दिलं नाही. फुलचा सराव सुरू व्हायच्या वेळेलाच मी घरात बसून होतो.

उतरताना मागे रेलून टाच आपटू नका. पाऊल शरीराच्या पुढे लांब न टाकता खालीच पडू द्या, पावलं आखूड आणि जलद ठेवा. उताराचे पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हात राखून पळा. वळणावर ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून घसरायला होतं, तिथं जपा.

उताराचा सरावही आधी करावा लागतो. स्पर्धेच्या पाच सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून एकदा जवळच्या घाटात किंवा टेकडीच्या रस्त्यावर हळू उतरा. पहिल्यांदा मांड्या दुखतील, पुढच्या वेळी तेवढ्या दुखत नाहीत. स्नायू शिकतात. शेवटचा असा सराव स्पर्धेच्या दहा बारा दिवस आधी उरका.

गोळी खाऊन पळू नका

गुडघा दुखतो म्हणून पहाटे दुखण्याची गोळी घेऊन उभं राहणारी पोरं मी दरवर्षी बघतो. ही सवय वाईट. तासन् तास पळताना अंगातलं पाणी कमी होतं, त्यात या गोळ्यांनी किडनीवर ताण येतो, शिवाय दुखणं झाकलं जाऊन इजा वाढते. पाण्याचंही तसंच. प्रत्येक टेबलावर गटागट पिण्याची गरज नाही, तहानेप्रमाणे घोट घोट घ्या. गार हवेत उगाच जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही धोक्याचं. दोन तीन तास आधी रोजच्या सवयीचं हलकं खा. नवे बूट त्या दिवशी काढू नका. पावसात मोजे भिजून फोड येतात, पायाला व्हॅसलिन लावा.

नंतरचे साडेचार महिने

घाटाच्या टायमिंगवरून मुंबईचा हिशेब मांडू नका. सपाटीची हाफ दोन तासांत करणाऱ्याला फुलला साधारण सव्वाचार तासांच्या आसपास लागतात, तेही लांब पळण्याचा सराव असेल तर. घाटातली वेळ या गणितात बसत नाही.

स्पर्धेनंतर तीन चार दिवस फक्त चाला. जिना उतरताना मांडी दुखायची थांबली की हळू पळायला लागा. मग आठवड्यातून एकच लांब पळणं, दर खेपेला एक दोन किलोमीटर वाढवत, आणि दर तिसऱ्या चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी. डिसेंबरअखेर तीस बत्तीस किलोमीटर एकदा तरी व्हावेत, मुंबईच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर अंतर उतरवत न्या.

शहरातल्या पोरांच्या वेळापत्रकात एक गोष्ट नसते, रानातलं काम. सोयाबीन काढणीच्या आठवड्यात दिवसभर वाकून काम केल्यावर रविवारी अठ्ठावीस किलोमीटर पळायला जाऊ नका, त्या आठवड्यात अंतर निम्मं करा. उसाला रात्री पाणी द्यायची पाळी असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टीच घ्या. झोप झाली नाही तर पळण्याचा फायदा अंगी लागत नाही.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. तीही याच दुष्काळी मातीतली. मुंबईच्या फुलसाठी वय 18 पूर्ण लागतं, त्यामुळे दहावी अकरावीच्या पोरांनी सध्या घाटाची तयारी नको, जवळच्या कमी अंतराच्या स्पर्धा पळाव्यात.