उपवासकाळ : पश्चात्ताप आणि नम्रतेचे चाळीस दिवस

ख्रिस्ती वर्षात पुनरुत्थानाच्या सणाआधी जो तयारीचा काळ येतो त्याला मराठीत उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. गोव्यात त्याला पोर्तुगीज शब्दावरून 'करेज्म' हे नाव रूढ आहे. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. त्या दिवसापासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात. त्यांतले ६ रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस दिवस. येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाची ही आठवण आहे.

गोवा, बेळगाव, वसई, वडोदरा, इंदूर अशा ठिकाणी आपले अनेक शेजारी हा काळ पाळतात. त्यामागचा विचार समजून घ्यावा, यासाठी ही माहिती.

शब्दांचा अर्थ

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया' म्हणजे मन पालटणे. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतला शब्द 'मागे वळणे' या अर्थाचा आहे. वाट चुकलेला माणूस वळून घराकडे निघतो, तसा. मराठीतील 'पश्चात्ताप' शब्दात केलेल्या कर्मानंतर होणारी आतली पोळणूक आहे. वारकरी संतांच्या वाङ्मयात याच भावासाठी 'अनुताप' हा शब्द वारंवार येतो, त्यामुळे मराठी कानाला ही कल्पना परकी वाटत नाही.

मात्र ख्रिस्ती शिकवणीत केवळ पोळणे पुरेसे मानलेले नाही. पेत्र आणि यहूदा इस्कर्योत या दोघांनीही येशूशी प्रतारणा केली आणि दोघांनाही त्याचे दुःख झाले. पेत्र रडला आणि परत आला. यहूदा निराशेत बुडाला. दुःख दोघांचे खरे होते, पण क्षमेवरचा विश्वास आणि परतण्याचे धैर्य पेत्रापाशी होते. म्हणून पश्चात्ताप म्हणजे स्वतःचा तिरस्कार नव्हे, असे धर्मशिक्षणात आवर्जून सांगतात.

नम्रता का हवी

लूककृत शुभवर्तमानात परूशी आणि जकातदार यांचा दृष्टांत आहे. परूशी मंदिरात उभा राहून आपले उपवास आणि दाने मोजून दाखवतो. जकातदार दूर उभा राहून, मान वर न करता दयेची याचना करतो. देवाच्या दृष्टीने दुसरा नीतिमान ठरून घरी जातो. उपवासही अहंकाराचे कारण होऊ शकतो, हा या दृष्टांताचा बोध आहे.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावतात. ती बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. जयजयकारात उंचावलेली झावळीच पुढच्या वर्षी राख होते. माणूस मातीचा आहे आणि मातीला मिळणार आहे, हे त्या दिवशी प्रत्येकाला सांगितले जाते. मालक असो की मजूर, राख एकाच भांड्यातली. काळाच्या अखेरीस, पवित्र गुरुवारी, धर्मगुरू भक्तांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याचे हे अनुकरण.

तयारीची साधने

प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही तीन साधने परंपरेने सांगितली आहेत. कॅथोलिक नियमानुसार राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे सक्तीच्या उपवासाचे दिवस असून १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंत तो लागू आहे. १४ वर्षांपुढील सर्वांनी त्या दिवशी मांस वर्ज्य करायचे असते. आजारी माणसांना सूट आहे.

कॅथोलिक जीवनात पापनिवेदन, म्हणजे कोंकणीतले 'कुमसार', याला या काळात विशेष महत्त्व असते. त्याच्या पायऱ्या अशा : विवेकाची तपासणी, खरा खेद, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय, धर्मगुरूपुढे कबुली आणि सांगितलेले प्रायश्चित्त. ऐकलेली गोष्ट धर्मगुरूला कुणापुढेही उघड करता येत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये अशी व्यक्तिगत कबुली सहसा नसते. उपासनेत सर्व जण मिळून पापांगिकार करतात.

शेवटची कसोटी भरपाईची. जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. दुसऱ्याचे घेतलेले आपल्याजवळ ठेवून केलेला पश्चात्ताप अपुरा राहतो. मजुराची अडवलेली मजुरी आणि भावाचा दाबलेला वाटा यांचाही हिशेब त्यात येतो.

गोव्याची परंपरा

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या मराठी काव्यात आदामाच्या पतनापासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा आहे. लोकांनी पुराण ऐकण्याची सवय होती तीच ओवी त्यांनी निवडली. फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ यांनीही पुढे पेत्राच्या जीवनावर ओवीबद्ध पुराण रचले.

गोवा वेल्हा येथे उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. ती संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाशी निगडित आहे. संसारात राहून प्रायश्चित्ताचे जीवन जगणाऱ्या गृहस्थांचा हा संघ असून आरंभी त्याच्या सदस्यांना 'प्रायश्चित्ताचे बंधुभगिनी' म्हणत.

सक्ती आणि पश्चात्ताप

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५६० मध्ये गोव्यात आलेले इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. त्या काळात अनेकांकडून कबुली वदवून घेतली गेली ती भीतीने. १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज स्वीकारण्यास सांगितले. ज्या भाषेत माणूस रडतो, तीच त्याने सोडावी असा हा हुकूम होता.

पश्चात्तापाच्या व्याख्येतच स्वेच्छा आहे. धाकाने घेतलेली कबुली ही त्या व्याख्येत बसत नाही. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या मुलांच्या हातून घडलेल्या पापांची जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या नावाने केलेली असहिष्णुता आणि इतरांच्या संस्कृती व धर्मांचा अवमान यांचा त्यात उल्लेख होता. गोव्याचे स्वतंत्र नाव त्यात नव्हते. तरी व्यक्तीला लागू असलेला नियम संस्थेलाही लागू आहे, हे त्यातून मान्य झाले.

आज

मोबाइल वा मद्य सोडणे, वाचलेले पैसे गरजूला देणे, अबोला धरलेल्या नातलगाकडे स्वतःहून जाणे, अशा रूपांतही आज उपवासकाळ पाळला जातो. यांपैकी शेवटचे सर्वांत अवघड, कारण तिथे पोटाचा नव्हे, मानाचा उपवास करावा लागतो.