चार्ल्स बॅबेज : एका हिशेबी माणसाची मते

लॉगॅरिथमची कोष्टके ज्याने विद्यार्थिदशेत चाळली आहेत, त्याला आकड्यांच्या दाट जंगलातून बोट फिरवीत जाण्याचा अनुभव असतोच. ते आकडे बरोबर असतील की नाही, ही शंका मात्र आपल्याला कधी शिवत नाही. छापलेल्या आकड्यावर माणसाचा विश्वास वेदवाक्याइतका असतो. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधील एका गृहस्थाला ही शंका शिवली, आणि तिने जन्मभर त्याचा पिच्छा सोडला नाही.

चार्ल्स बॅबेज हे त्याचे नाव. संगणकाचा मूळपुरुष म्हणून ते आता शाळकरी मुलांच्याही ओठी असते. परंतु या यंत्राच्या नादापायी हा मनुष्य विज्ञान, सरकार, कारखाने, निवडणुका, उमरावांची सभा, फार काय प्रत्यक्ष परमेश्वर, या साऱ्यांविषयी ठाम मते बाळगून होता. ती छापून मोकळा होत होता. आणि त्यांतल्या काही मतांची किंमतही त्याने रोख मोजली. ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

बॅबेजचा जन्म १७९१ सालचा. बाप पेढीवाला, घरी पैशाला तोटा नाही. केंब्रिजला गेला तो गणिताच्या वेडाने, आणि पाहतो तर तिथले गुरुजी न्यूटनने घालून दिलेल्या टिंबांच्या खुणा शंभर वर्षे भक्तिभावाने गिरवीत बसलेले! युरोपातील लोक लायब्निट्झची सोयीची पद्धत घेऊन केव्हाच पुढे निघून गेले होते. बॅबेजने १८१२ साली हर्शेल आणि पीकॉक या मित्रांबरोबर एक मंडळ काढून या टिंबभक्तीविरुद्ध बंड पुकारले. विशीतल्या पोराने विद्यापीठाला अक्कल शिकवावी, हा प्रकार वडीलधाऱ्यांना रुचला नसणार हे उघड आहे. पण बंड यशस्वी झाले, आणि मला वाटते, त्या यशानेच पुढे घात केला. आपले म्हणणे खरे असले की ते मोठ्याने सांगितले म्हणजे काम भागते, अशी त्याची समजूत झाली.

१८२१ साली तो आणि हर्शेल खगोलशास्त्राची कोष्टके तपासायला बसले. हिशेब दोघा निरनिराळ्या माणसांकडून करवून घेतलेले, आणि हे दोघे आकड्याशी आकडा ताडून पाहताहेत. पानोपानी चुका. वैतागून बॅबेज उद्गारला, की हे हिशेब वाफेच्या यंत्राने झाले असते तर किती बरे झाले असते! हे वैतागाचे वाक्य त्याच्या आयुष्याचे सूत्र ठरले. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ म्हणजे हिशेब करणारा पगारी माणूस. त्याने केलेली चूक नक्कल करणाऱ्याच्या हातून वाढे, छापखान्यात तिला आणखी भावंडे मिळत, आणि मग भर समुद्रात एखादा कप्तान त्या आकड्यावरून आपले जहाज कुठे आहे ते ठरवी. कोष्टकांवाचून ज्योतिषाचेही पाऊल पुढे पडत नसे. आपल्या केरूनाना छत्र्यांनी १८६० च्या सुमारास मराठीत ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली, तीही याच निकडीपोटी.

बॅबेजची युक्ती ऐकण्यासारखी आहे. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस हे वर्ग घ्या. त्यांच्यातली अंतरे तीन, पाच, सात, नऊ. या अंतरांतली अंतरे पाहिली, तर दोन, दोन, दोन. म्हणजे गुणाकार मुळीच न करता, नुसत्या दोनाच्या बेरजेवर वर्गांचा सारा डोंगर रचीत जाता येतो. बेरीज तर दातेरी चाकांनाही येते! चाके फिरतील, बेरीज होईल, आणि उत्तराचे ठसे यंत्र स्वतःच उठवील. हिशेबनीस नको, नकलनवीस नको, जुळारीही नको. जिथे जिथे माणसाचा हात लागतो तिथे तिथे चूक होते, सबब हातच काढून टाका, हा त्याचा विचार. यंत्राचे नाव ‘डिफरन्स एंजिन’. १८२३ साली सरकारने पंधराशे पौंड दिले आणि जोसेफ क्लेमंट नावाच्या नामांकित कारागिराच्या कारखान्यात काम सुरू झाले.

१८२७ हे साल त्याला फार वाईट गेले. वडील वारले, एक मुलगा वारला, आणि पत्नी जॉर्जियाना नवजात बाळासह गेली. वडिलांची लाखभर पौंडांची इस्टेट हाती आली, पण घर उजाड झाले. वर्षभर युरोपात हिंडून तो परतला तो अधिक कडवट होऊन. पुढचे लेखन वाचताना हे वर्ष विसरू नये.

१८३० साली त्याने इंग्लंडातील विज्ञानाच्या ऱ्हासावर पुस्तक लिहिले आणि रॉयल सोसायटीची सालटी काढली. पैसा आणि ओळख असली की तिथे सभासद होता येते, पदके आपापसांत वाटली जातात, राज्यकर्त्यांना विज्ञानाची चाड नाही, असे सारे नावानिशी आणि आकडेवारीनिशी! निरीक्षणात लबाडी कशी होते याचे त्याने केलेले वर्गीकरण आजही प्रयोगशाळांतून सांगितले जाते. कोणी निव्वळ थट्टेखातर फसवतो. कोणी निरीक्षणे सपशेल बनावट रचतो. कोणी वर गेलेले आकडे छाटून ते खाली राहिलेल्यांना चिकटवतो, म्हणजे सारे कसे छान जुळते. आणि कोणी पुष्कळ निरीक्षणे घेऊन त्यांतली सोयीची तेवढी पानावर वाढतो. या शेवटच्या प्रकाराला त्याने दिलेले नाव ‘रांधणे’!

पुस्तक बहुतांशी खरे होते. पुढच्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशन निघाली, तिच्यामागे ही चळवळ होतीच. पण गंमत अशी, की बॅबेजच्या यंत्राला पैसा द्यावा अशी शिफारस सरकारकडे केली होती ती याच रॉयल सोसायटीने! ज्या फांदीवर आपण बसलो आहोत तिच्या किडीवर व्याख्यान देणाऱ्याला शूर म्हणावे की काय म्हणावे?

१८३२ साली त्याने यंत्रे आणि कारखाने यांच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. हा त्याचा सर्वांत चांगला ग्रंथ असे माझे मत आहे. यंत्र कसे बनवून घ्यावे हे कळावे म्हणून तो देशभर कारखाने पाहत हिंडला होता, आणि जे पाहिले ते या ग्रंथात आले. श्रमविभाग ॲडम स्मिथने आधीच सांगितला होता. बॅबेजने त्यातला बोचरा भाग उघड केला. टाचण्यांच्या कारखान्यात कोणाला दिवसाला साडेचार पेन्स मिळतात, कोणाला सहा शिलिंग. सारी टाचणी एकाच माणसाने करायची तर तो सहा शिलिंगांचाच हवा. पण काम तुकड्यातुकड्यांत वाटले, तर कसबाचा तुकडा तेवढा कसबी माणसाला द्यावा आणि उरलेले सारे साडेचार पेन्सवाल्यांकडून करून घ्यावे. मालक जिंकतो तो इथे. पुढे कार्ल मार्क्सने हा ग्रंथ बारकाईने वाचला आणि ‘कॅपिटल’मध्ये त्याचे दाखले दिले, अर्थात बॅबेज जिथे बचत पाहत होता तिथे मार्क्सने पिळवणूक पाहिली.

हाच न्याय बॅबेजने बुद्धीलाही लावला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर प्रोनी नावाच्या अधिकाऱ्याने प्रचंड कोष्टके तयार करविली. वर चार-दोन मोठे गणिती सूत्रे ठरवणारे, मधे काही जाणकार, आणि खाली केवळ बेरीज-वजाबाकी जाणणारे साठ-ऐंशी जण. सरदारांची डोकी उडाल्यावर बेकार झालेले केशभूषाकार या तळच्या फळीत होते, असे सांगतात. बॅबेजचे म्हणणे, ही तळची फळी म्हणजेच माझे यंत्र. विचार करणेसुद्धा टाचणीसारखे तुकड्यांत वाटता येते, आणि खालचा तुकडा माणसाकडून काढून घेता येतो, हे सांगणारा तो पहिल्या काही जणांतला. आज कचेऱ्याकचेऱ्यांतून आपण जे पाहतो आहोत त्याचे बीज १८३२ च्या या ग्रंथात आहे.

आणि त्याच सुमारास, लंडनमध्ये टेम्सपलीकडे, या सिद्धांताला एका माणसाने खोटे पाडले. तो माणूस म्हणजे क्लेमंट.

क्लेमंट हा हातमागावर विणणाऱ्याचा मुलगा. शिक्षण बेताचे, पण धातू कातण्यात त्याचा हात धरणारा लंडनात क्वचितच कोणी असेल. पंचवीस हजारांच्या घरात जाणारे यंत्राचे भाग एकसारखे उतरायला हवे होते, आणि तसे उतरवणारी हत्यारेच आधी घडवायला लागली. नंतर इंग्लंडभर आट्यांची मापे एकसारखी करणारा व्हिटवर्थ याच कारखान्यात काही काळ कामाला होता. बॅबेजला क्लेमंटची बिले फुगलेली वाटत. सरकारी पैसा उशिरा येई, मधल्या काळात बॅबेज पदरचे देई. शेवटी त्याने कारखाना आपल्या घराजवळ हलवण्याचे ठरवले. बिऱ्हाड मोडायचे तर भरपाई द्या, असे क्लेमंट म्हणाला. ती मिळेना, आणि १८३३ साली बॅबेजने पदरचे देणेही थांबवताच त्याने माणसांना रजा देऊन काम बंद केले. त्या धंद्यातील रिवाजाने हत्यारे कारागिराची, मग ती गिऱ्हाइकाच्या पैशाने का घडलेली असेनात. नकाशे आणि सुटे भाग तेवढे बॅबेजकडे आले. सहा शिलिंगवाल्या माणसाचा हिशेब ग्रंथात बिनचूक मांडणाऱ्याला असा एक माणूस आपल्या कामावर टिकवता आला नाही. ते यंत्र पुढे कधीच पुरे झाले नाही. सुमारे दोन हजार भागांचा जोडलेला एक तुकडा मात्र राहिला, आणि तो बिनचूक चालतो.

राजकारणाचेही तेच झाले. मतदानाचा हक्क वाढवणारा कायदा १८३२ साली झाला आणि बॅबेज फिन्सबरी मतदारसंघातून सुधारणावादी म्हणून उभा राहिला. जागा दोन, उमेदवार पाच; हा तिसरा आला. १८३४ च्या पोटनिवडणुकीत चौघांत चौथा. मधल्या काळात त्याने एक पत्रक काढून सुचवले, की उमरावपद वंशपरंपरेने न देता कर्तृत्ववानाला त्याच्या हयातीपुरते द्यावे. लोक हसले असतील. पण १९५८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नेमका तसा कायदा केला! मत सव्वाशे वर्षे आधी मांडले म्हणून मते मिळत नसतात, हे मात्र उमेदवाराच्या ध्यानी आले नाही.

ईश्वराविषयीचे त्याचे मत १८३७ च्या पुस्तकात आहे, आणि त्याच्या घरच्या शनिवारच्या बैठकीत तो ते प्रयोग करून दाखवी. यंत्राचा दांडा फिरवायचा. दोन, चार, सहा, आठ असे आकडे येत राहत. पाहुणे कंटाळत. मग एकदम भलताच मोठा आकडा उमटे! यंत्र बिघडले असे सर्वांना वाटे; पण ही उडी आधीच योजलेली असे. चमत्कार म्हणजे नियमाचा भंग नव्हे, तो आपल्याला न दिसणाऱ्या मोठ्या नियमाचा भाग, असा त्याचा युक्तिवाद. तरुण डार्विन या बैठकींना जाई.

एव्हाना डोक्यात दुसरेच यंत्र शिरले होते. ‘ॲनालिटिकल एंजिन’ कोणताही हिशेब करणार होते. त्यात आकडे ठेवायचे कोठार, ते दळायची गिरणी, आणि हुकूम देण्यासाठी, झॅकारच्या मागावर नक्षी विणायला असत तसले भोकांचे पत्ते. आजच्या संगणकाची सारी हाडे इथे आहेत. पण सरकारच्या बाजूने पाहा. सतरा हजार पौंड ओतून एक यंत्र अर्धवट पडलेले, आणि यंत्रकार सांगतो की याहून सरस यंत्र सुचले आहे, आता काय करू बोला! बॅबेजच्या चरित्रांतून सरकारला आंधळे ठरवण्याची प्रथा आहे. मला ती सर्वस्वी पटत नाही. विचार केलेल्यांपैकी राजज्योतिषी एअरीने यंत्र निरुपयोगी ठरवले, आणि नोव्हेंबर १८४२ मध्ये बॅबेज पंतप्रधान पील यांना भेटायला गेला. देशात मंदी आणि उपासमार असलेले ते वर्ष. यंत्र काय करील हे पटवण्याऐवजी आपल्यावर अन्याय कसकसा झाला, दुसऱ्यांना काय मिळाले आणि मला काय नाही, याचाच पाढा तो वाचीत बसला. पील चिडले. बॅबेज नमस्कार करून उठला. प्रकरण संपले.

एक दार अजून उघडे होते. कवी बायरनची मुलगी एडा लव्हलेस हिने १८४३ साली या दुसऱ्या यंत्रावरील एका फ्रेंच लेखाचे भाषांतर केले आणि त्याला मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट टिपणे जोडली. यंत्र आकड्यांपलीकडेही, संगीतासारख्या गोष्टींवरही काम करू शकेल, हे तिने लिहिले. बॅबेजने इतक्या स्पष्टपणे ते कधी लिहिले नव्हते. छपाईच्या अगदी तोंडावर बॅबेजने हट्ट धरला, की सरकारविरुद्धची आपली तक्रार बिननावाने लेखाला जोडावी. ती नको म्हणाली. मग लेखच मागे घे, म्हणाला. तिने तेही नाकारले. पण ऑगस्टमध्ये त्याला लांबलचक पत्र लिहून सुचवले, की यंत्र तुम्ही पाहा, लोकांशी बोलण्याची, व्यवहाराची बाजू माझ्यावर सोपवा. तो नाही म्हणाला. कादंबरीकाराच्या नजरेने पाहिले, तर मला या आयुष्यातला निर्णायक क्षण पीलच्या दालनातला वाटत नाही, तो या नकारातला वाटतो. मैत्री टिकली; १८५२ साली एडा छत्तिसाव्या वर्षी वारली.

पुढचे थोडक्यात. पहिल्याहून साधे, सुटसुटीत असे दुसरे डिफरन्स एंजिन त्याने आखले आणि त्याचे नकाशे १८५२ साली सरकारला देऊ केले. अर्थमंत्री डिझरायलीने खर्चाचा ठिकाणा नाही म्हणून ते परत केले. दरम्यान स्वीडनमधील शॉइट्झ पितापुत्रांनी त्याच्याच कल्पनेवरून लहानसे यंत्र करून दाखवले. त्याने मत्सर केला नाही, उलट त्यांचा गौरव व्हावा म्हणून खटपट केली. हा त्याच्या स्वभावाचा चांगला भाग नोंदवलाच पाहिजे. त्या यंत्राच्या इंग्लंडात बनलेल्या प्रतीवर १८६४ चे आयुर्मानाचे कोष्टक अंशतः निघाले.

त्याच वर्षी बॅबेजचे आत्मवृत्त आले. पार्लमेंटच्या सभासदांनी त्याला विचारले होते म्हणे, की यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल काय? आत्मवृत्तात एक सबंध प्रकरण रस्त्यावरील वाजंत्र्यांवर आहे. पेटी फिरवून भीक मागणाऱ्यांनी आपली चतुर्थांश कार्यशक्ती नष्ट केली, असा त्याचा हिशेब. त्यांच्याविरुद्ध कायदा होण्यासाठी तो झटला, आणि कायदा झालाही. परिणाम एवढाच, की लोक मुद्दाम त्याच्या खिडकीखाली येऊन वाजवू लागले. १८ ऑक्टोबर १८७१ ला तो वारला.

लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने त्या दुसऱ्या यंत्राचे नकाशे काढले आणि बॅबेजच्या काळी साधता आली असती तेवढीच सुबकता ठेवून, चार हजार भागांचे हिशेबाचे अंग १९९१ साली उभे केले. त्याच्या जन्माला तेव्हा दोनशे वर्षे होत होती. एकतीस अंकी उत्तरे बरोबर आली. ठसे उठवणारा भाग जोडायला आणखी दहा वर्षे लागली. दांडा हाताने फिरवावा लागतो.