अवतारांची वस्ती

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. तिघांचा किल्ला असला तर त्याला कायदेकानू लागत नाहीत. माती कोणी कालवायची, मावळे कोठे उभे करायचे, अळीव कोणत्या उतारावर पेरायचे, हे सारे न बोलता ठरून जाते. पण आळीतली आणखी वीस मुले येऊन मिळाली, की किल्ल्याचे काम थांबते आणि भांडण सुरू होते. ती वीस मुले काही वाईट नसतात. त्या तिघांना जे न बोलता कळत होते, ते या विसांना कोणी सांगितलेले नसते, इतकेच. खेळात माणसे वाढली, की त्या खेळाची वस्ती होते. आणि वस्ती नांदायची, तर तिची रीत नव्या माणसाच्या कानावर घालणारे कोणीतरी लागते. गोष्ट तशी साधी. पण संगणकाच्या पडद्यावर खेळणाऱ्या लोकांना ती कळायला कित्येक वर्षे लागली. त्या वर्षांचा इतिहास मोठा मौजेचा आहे, आणि मला तर तो आपल्या घरादारालाही लागू पडणारा वाटतो.

हल्ली पुष्कळ घरांत सुटीच्या दिवशी मुलगा कोपऱ्यात फोन घेऊन बसलेला दिसतो. आजीला वाटते, पोर एकटे बसले आहे. वास्तविक ते एका भर वस्तीच्या गावात हिंडत असते आणि त्याच्या बरोबरीचे गडी कोठल्या कोठल्या मुलुखांतले असतात. असल्या गावांतले एक अगदी आरंभीचे गाव १९७८ साली इंग्लंडात वसले.

कॉल्चेस्टर या पुरातन नगराजवळ एसेक्स विद्यापीठ आहे. तेथल्या रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या संगणकावर एक खेळ रचला आणि पुढे त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने तो पुरा केला. ‘मड’ हे त्याचे नाव. त्यात चित्र नव्हते, आवाज नव्हता. पडद्यावर नुसती अक्षरे. खेळणाऱ्याने शब्द लिहून पाऊल टाकायचे आणि पुढे काय दिसते त्याचे वर्णन यंत्राने लिहून दाखवायचे. म्हणजे ती एक कादंबरीच म्हणा ना! फरक इतकाच, की हिच्यात वाचक स्वतः हिंडत असे आणि त्याच वेळी दुसरे वाचकही त्याच रानात हिंडत असत. कोणी त्याला वाट दाखवी, कोणी त्याला ठार करून त्याचा खजिना लुटी. दूरध्वनीच्या तारेवरून बाहेरच्या लोकांनाही यात प्रवेश मिळे. पण रात्री उशिरा, विद्यापीठाचे यंत्र मोकळे असेल तेव्हा. जो खेळता खेळता पुरेसे गुण मिळवी, त्याला ‘जादूगार’ ही पदवी मिळे आणि तिच्याबरोबर विलक्षण अधिकारही मिळत. हे जादूगार वर्षानुवर्षे त्या रानात वावरलेले असल्यामुळे त्यांना तेथली प्रत्येक पाऊलवाट ठाऊक असे, आणि नवख्यांवर त्यांचा दरारा असे.

या अनुभवावरून बार्टल याने १९९६ साली एक निबंध लिहिला. दिवाळीत पत्त्यांचा डाव मांडणाऱ्या आपल्या मंडळींना तो नक्की आवडेल. त्याने खेळाडूंच्या चार जाती सांगितल्या आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची नावे दिली. गुण आणि संपत्ती मिळवणारे ते चौकट. नव्या वाटा धुंडाळणारे ते इस्पिक. मुख्यतः गप्पागोष्टींसाठी येणारे ते बदाम. आणि दुसऱ्याला छळण्यात ज्यांना गंमत वाटते ते किलवर. वस्तीचे आरोग्य या चार रंगांच्या प्रमाणावर अवलंबून असते, असे त्याचे म्हणणे. किलवर वाढले, की बदाम घाबरून निघून जातात. आणि नुसते बदामच उरले, तर खेळाचा पार गप्पांचा कट्टा होतो. हातात एकाच रंगाची पाने येऊन डाव रंगत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल.

दुसरे गाव अमेरिकेतले. जॉर्ज लुकस यांच्या चित्रपटसंस्थेने १९८६ साली ‘हॅबिटॅट’ नावाची वस्ती उभारली. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे तिचे कारभारी. येथे पडद्यावर चित्र होते: घरे, रस्ते, झाडे, आणि त्यांत वावरणारी माणसे. या माणसांना नाव काय द्यावे? त्यांनी नाव दिले ‘अवतार’. होय, आपलाच शब्द! खुर्चीवर बसलेला माणूस पडद्याच्या भूलोकी जे रूप धारण करतो, त्याला याहून नेमके नाव मिळणे कठीण होते.

पण अवतार म्हटला की लीला आल्या. हॅबिटॅटमध्ये शस्त्रे मिळत. कोणी कोणाला मारले, की मेलेला अवतार आपल्या घरी परत जाई. मात्र खिसे रिकामे आणि स्वतःचे मुंडके हातात! आरंभी लोक हसले. मग हातातल्या वस्तू हिसकावून पळणारे आणि वाटेत गाठून मारणारे वाढले, आणि हसू मावळले. कारभाऱ्यांना एका फटक्यात शस्त्रे काढून घेता आली असती. त्यांनी तसे न करता लोकांचे मत घेतले: मारामारी हा गुन्हा मानावा, की खेळाचा भाग? मते अगदी निम्मी निम्मी पडली. तेव्हा तोड अशी निघाली, की शहराच्या हद्दीत हिंसा आणि चोरी होणार नाही. हद्दीबाहेरच्या रानात ज्याने त्याने आपला जीव सांभाळावा. लोकांनी मतदान करून आपला एक शेरीफही निवडला.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी हकिगत. खेळाडूंत एक गृहस्थ प्रत्यक्षात ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू होते. त्यांनी या पडद्यावरच्या गावात एक पंथ काढला आणि त्याला नाव दिले, ‘पवित्र अक्रोडाचा संघ’! नाव विनोदी, पण नियम कडक: अनुयायाने शस्त्र बाळगायचे नाही, चोरी करायची नाही, हिंसेत भाग घ्यायचा नाही. कारभाऱ्यांनी हे त्यांना सांगितले नव्हते. कोणाची सक्तीही नव्हती. तरी पंथाला पुष्कळ अनुयायी मिळाले आणि गुरुमहाराजांना गावात मोठा मान मिळाला. आपण सारे आधीपासून योजून ठेवू हा आपला भ्रम होता, असे त्या दोघा कारभाऱ्यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. गावाला वळण लागले ते लोक काय करतात हे पाहत, त्यांचे ऐकत, आणि त्यांच्यातल्या भल्या माणसांना वाव देत.

तिसरे गाव हे या कथेचे मर्म आहे. १९९० साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात पावेल कर्टिस या संशोधकाने ‘लॅम्डामू’ नावाचा शब्दांचा वाडा बांधला. नकाशा त्याच्या स्वतःच्या घराचा. नवा पाहुणा प्रथम अंधाऱ्या, कोंदट अशा कोट टांगायच्या कपाटात येई, आणि दार उघडले की दिवाणखान्यात. तेथे गप्पा रंगलेल्या असत. ज्याला हौस असेल त्याने वाड्याला आपली खोली जोडावी. पाहता पाहता वस्ती काही हजारांवर गेली.

येथेही ‘जादूगार’ होते, म्हणजे यंत्राच्या किल्ल्या ज्यांच्या हाती ते. वस्ती वाढली तशी गाऱ्हाणी वाढली. अमक्याने शिवी दिली, तमक्याने माझी खोली बिघडवली. जादूगार कंटाळले. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिसने जाहीर केले, की यापुढे जादूगार फक्त यंत्र चालू ठेवतील. माणसामाणसांतले तंटे लोकांनी आपले आपण मिटवावेत. ऐकायला हे किती उदार वाटते! पण तंटे मिटवायची काही व्यवस्था त्यांनी लावून दिली नव्हती. कुलकर्ण्याने दप्तर आपल्याकडे ठेवावे आणि न्यायनिवाडा गावाने करावा असे सांगावे, त्यातलाच हा प्रकार.

तीन महिने झाले. मार्च १९९३ मधल्या एका रात्री ‘मिस्टर बंगल’ असे नाव घेतलेला एक खेळाडू भर दिवाणखान्यात आला. एका क्लृप्तीने त्याने दुसऱ्यांच्या पात्रांकडून त्यांच्या इच्छेविरुद्ध कृत्ये घडत असल्याचे भासवले आणि काही पात्रांची अत्यंत किळसवाणी विटंबना केली. सारे शब्दच होते, हे खरे. पण त्या पात्रांमागे हाडामांसाची माणसे बसली होती, आणि त्यांच्या डोळ्यांत आले ते पाणी शब्दांचे नव्हते. ज्युलियन डिबेल या लेखकाने ही हकिगत त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ पत्रात लिहिली आणि जगभर गाजवली.

मग वाड्यात सभा भरली. कोणी म्हणे, याला हद्दपार करा. कोणी म्हणे, कोणत्या कायद्याने? कोणी म्हणे, खेळच तो! तासन् तास बोलून सभा निर्णयाशिवाय पांगली. त्यानंतर एका जादूगाराने, एकट्याने विचार करून, बंगलचे पात्र पुसून टाकले. त्यांच्या बोलीत याला ‘बेडूक करणे’ म्हणत. वस्तीने सुटकेचा श्वास सोडला. परंतु अपराधी दुसरे नाव घेऊन काही दिवसांनी परत आलाच! कर्टिसने तेव्हा अर्ज आणि मतदान यांची रीतसर पद्धत घालून दिली. तिचेही पुढे रडगाणे झाले. आणि मे १९९६ मध्ये जादूगारांनी जाहीर कबुली दिली, की यंत्राचा कारभार आणि माणसांचा कारभार वेगळा काढता येत नाही. आम्हांला दोन्हींत पडावेच लागेल.

या साडेतीन वर्षांच्या घालमेलीतून दोन गोष्टी दिसतात. ज्याच्या हाती किल्ली आहे, त्याला ‘मी फक्त कुलपाला तेल घालतो’ असे म्हणून सुटता येत नाही. आणि बेडूक करण्याने एक माणूस जातो. वस्तीला रीत मिळत नाही.

मग रीत मिळते कशी? त्याच सुमारास ‘यूझनेट’ नावाच्या पत्रव्यवहाराच्या जाळ्यात जे घडले, ते कोणाही शिक्षकाला चटकन उमगेल. या जाळ्यात मुख्यतः विद्यापीठांतले लोक असत. दरवर्षी सप्टेंबरात तिकडचे शैक्षणिक वर्ष सुरू होई, नव्या विद्यार्थ्यांचा लोंढा येई, आणि ते भलतेसलते लिहीत. जुने लोक त्यांना समजावीत, प्रसंगी रागावत, आणि काही आठवड्यांत ती पोरे रुळत. आमच्या शाळेतला जून महिना असाच. पाचवीच्या वर्गात नवी पोरे येतात, घंटा कशाची ते त्यांना कळत नाही, पाण्याच्या टाकीपाशी रांग मोडतात. श्रावणापर्यंत सारे वळणावर येते. ते वळण मी लावतो असा माझा समज होता. नीट पाहिले तर सातवीतली पोरेच ते लावतात. पण १९९३-९४च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना या जाळ्याचे दार उघडून दिले. आता लोंढा वर्षातून एकदा न येता रोजच येऊ लागला. शिकवणारे मूठभर, शिकणारे अगणित. ‘१९९३चा सप्टेंबर संपलाच नाही,’ अशी एक म्हणच तेथे पडून गेली. विचार करा, ज्या शाळेत बाराही महिने जून असेल, तिचे काय होईल!

या दुखण्यावरचा एक उपाय अलीकडच्या काळात सापडला. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या कोट्यवधींच्या खेळात शिवीगाळ फार बोकाळली होती. २०११ साली कंपनीने खेळाडूंचीच एक पंचायत नेमली. तक्रारी तिच्यापुढे जात आणि खेळाडू मते देत. २०१४ मध्ये ती बंद झाली, पण तिच्या आगेमागे कंपनीच्या संशोधकांना जे आढळले ते लाखमोलाचे आहे. सदाच दुष्टपणे वागणारे खेळाडू शंभरात सुमारे एक. आणि एकंदर दुर्वर्तनात त्यांचा वाटा शेकडा सुमारे पाच. उरलेला सारा चिखल तुमच्याआमच्यासारख्या सामान्य माणसांचा. दिवस वाईट गेला म्हणून कोणावर तरी खेकसलेल्यांचा. आणखी एक. शिक्षा करताना ‘तू अमुक बोललास, म्हणून ही शिक्षा’ असे पुराव्यासह सांगितले, तर सुधारणाऱ्यांचे प्रमाण वाढते. नुसता दरवाजा बंद केला, तर तितके सुधारत नाहीत.

बंगलसारखा एखादा दुष्ट शोधून त्याला बेडूक करण्यात वस्तीची सारी शक्ती खर्च होते, आणि खरे काम बाजूला राहते. कोट टांगायच्या कपाटातून बावरून बाहेर पडणाऱ्या पाहुण्याला ‘या, बसा, आमच्याकडे अशी पद्धत आहे’ असे म्हणणारा जुना माणूस दाराशी असतो की नाही, यावर वस्तीचे भवितव्य ठरते. अक्रोडपंथी धर्मगुरू हे दाराशी बसलेले असेच एक जुने माणूस होते. दाराशी बसणारी माणसे पाहुण्यांच्या प्रमाणात वाढली पाहिजेत. पाहुणे दसपट झाले आणि दाराशी तोच एक म्हातारा राहिला, तर त्या म्हाताऱ्याला दोष देण्यात काय अर्थ?

घराघरांत आपली मुले आज अशा गावांत राहतात. त्यांनी तेथे जाऊ नये, असे बजावून भागणार नाही, ती जाणारच. पण तेथे वागावे कसे, हे त्यांना त्या गावात कोणी सांगतो का, हे आपण विचारत नाही. मुलगा शाळेतून आला की ‘आज काय शिकलास?’ म्हणून विचारतो; खेळातून उठला की ‘पुरे झाले’ एवढेच म्हणतो. त्याऐवजी कधीतरी विचारून पाहावे: आज कोणी नवा भिडू आला होता का? आणि तू त्याला काही सांगितलेस का?